चिरा आणि चुना : जुन्या गोव्याचे ‘से’

पोर्तुगीज भाषेतला ‘से’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘सेदेस’वरून आला. त्याचा अर्थ आसन. ‘कॅथेड्रल’च्या मुळाशी असलेल्या ‘कॅथेड्रा’चा अर्थही तोच, खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल; मग ते केवढे आहे, किती देखणे आहे, याचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे ‘पीठ’ हा शब्द जसा आसनापासून निघून अधिकारापर्यंत पोचला, तसाच हाही प्रवास. जुन्या गोव्यातल्या सांत कातारिनाच्या ‘से’कडे पाहताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते. या इमारतीला लोक येतात ते तिचा आकार पाहून. पण ती उभी राहिली ती एका अधिकाराला घर हवे होते म्हणून.

तो अधिकार फार मोठा होता. पोप सातवे क्लेमेंट आणि तिसरे पॉल यांच्या आज्ञापत्रांनी १५३३–३४ मध्ये गोव्यात बिशपचे पीठ स्थापन झाले, आणि पुढे पंचवीस वर्षांच्या आत ते आर्चबिशपचे पीठ झाले. त्याची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंत धरली जाई. आपली वसई, चौल आणि मुंबईची बेटेही त्याच हद्दीत. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चचा पाद्री आणि मलाक्क्याचा बिशप, दोघांनीही मान वर करून पाहायचे ते गोव्याकडे. गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेचा पेट्रिआर्क’ ही पदवी १८८६ पासून आहे आणि ती आजही चालते. ज्या साम्राज्याच्या बळावर हा पसारा उभा राहिला ते कधीच गेले. आसनाचे नाव मात्र राहिले.

पीठ झाले तेव्हा त्याला साजेशी इमारत नव्हती. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. तो दिवस संत कॅथरिनचा. म्हणून शहराच्या ज्या वेशीतून तो आत शिरला, तिथे तिच्या नावाने एक लहान प्रार्थनामंदिर बांधले गेले. गव्हर्नर जॉर्ज काब्रालने १५५० मध्ये ते नव्याने बांधले. हे लहानसे देऊळवजा चर्च आजही ‘से’च्या पश्चिमेला, सांफ्रांसिस्कू चर्चच्या पलीकडे उभे आहे आणि त्याच्या भिंतीतला दगडी लेख ही सगळी हकिगत सांगतो. विजयाची आठवण आणि देवाची पूजा एकाच भिंतीत बसवलेली आहे. नव्या कॅथेड्रलने संत कॅथरिनचे नाव घेतले तेव्हा तिच्या पाठोपाठ ती विजयाची आठवणही आत आली.

नव्या इमारतीचे काम १५६२ मध्ये सुरू झाले असे धरले जाते. व्हाइसरॉय होता रेदोंदूचा काउंट फ्रांसिस्कू कोतिन्यू. लिस्बनच्या गादीवर होता सेबास्तियांव, वय वर्षे आठ. खर्च राजाच्या खजिन्यातून व्हायचा. त्या वेळचा गोवा म्हणजे घोडे, मिरी, कापड आणि मोती यांचा बाजार. आपल्या वैभवाला शोभेल असे पीठ बांधावे असे त्या शहराला वाटले तर नवल नव्हते.

पण बांधकामाची गती आणि इतिहासाची गती जुळली नाही. पायाला हात लागून तीनच वर्षे झाली आणि १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडले. गोव्याच्या घोडेबाजाराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे पाच वर्षांनी अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला आणि तो महिनोन् महिने चालला. १५७८ मध्ये राजा सेबास्तियांव मोरोक्कोच्या रणांगणावर मारला गेला आणि दोन वर्षांनी पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर गेला. ‘से’चा मुख्य गाभा पुरा झाला १६१९ मध्ये, म्हणजे सुरुवातीपासून सत्तावन्न वर्षांनी. १६२२ मध्ये होर्मुझ गेले. डच गलबते गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसली असताना १६४० मध्ये या वास्तूचे विधिवत समर्पण झाले. वर्षभरात मलाक्काही गेले. आतल्या वेदींची कामे हातावेगळी झाली १६५२ मध्ये. श्रीमंतीत आखलेला वाडा नातवंडांनी कर्ज काढून पुरा करावा, तशी ही नव्वद वर्षांची कथा. ‘से’ला साम्राज्याच्या वैभवाचे स्मारक म्हणतात. तारखा मांडून पाहिल्या की मला ते ओसरत्या वैभवाने हट्टाने पुरे केलेले काम वाटते.

इमारतीची मापे मात्र ओहोटीची नाहीत. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५ मीटर, दर्शनी भागाची उंची सुमारे ३५ मीटर. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये तिची गणना होते. आराखड्याशी आंतोनियू आर्गेरुश आणि जुलियू सिमांव या दोन स्थपतींची नावे जोडली जातात. सिमांव हा ‘इश्तादु द इंदिया’चा, म्हणजे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याचा, मुख्य इंजिनिअर. मांडवीच्या धक्क्यावरून शहरात शिरण्याची व्हाइसरॉयची कमानही त्याचीच मानतात.

तोंड पूर्वेला. समोर तीन दरवाजे. मधला मोठा, त्याला खांबांची चौकट. बाहेरून सगळे साधे. अभ्यासक त्या शैलीला ‘तुस्कन’ म्हणतात, म्हणजे रोमन परंपरेतला सर्वांत कमी नटवा खांब. आत गेले की खांबांच्या माथ्यावर कोरिंथियन पाने उमलतात. मधला गाळा अर्धगोल कमानीच्या छताचा, पिंप उभे चिरून पालथे घातल्यासारखा. दोन्ही बाजूंना गाळे, त्यांना लागून चार-चार लहान प्रार्थनाकक्ष. मुख्य वेदीवर संत कॅथरिनच्या आयुष्यातले आणि हौतात्म्यातले प्रसंग कोरलेले सहा पट, अंगभर सोन्याचा मुलामा. याच काळात पोर्तुगालमध्ये लैरिया, पोर्तालेग्रे आणि मिरांदा इथे नवी कॅथेड्रले उभी राहत होती. त्यांच्याशी ‘से’चे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. आराखडा त्याच कुळातला.

आराखडा कागदावर येतो. भिंत कागदाची नसते. ‘से’ची भिंत जांभ्याची आहे. कोकणातल्या माणसाला या दगडाची ओळख करून द्यायला नको. खाणीत असताना तो मऊ. कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात. वारा लागला की कठीण होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पिणारा, आणि नाजूक नक्षीला नालायक. रोम किंवा लिस्बनमध्ये संगमरवरात जी पाने, जे कंगोरे काढता येतात ते जांभ्यात निघत नाहीत. म्हणून गोव्यातल्या वास्तूला तीन वाटा होत्या. एक म्हणजे चिरा रचून वर चुन्याचा जाड गिलावा करायचा आणि कंगोरा गिलाव्यातच ओढायचा. दुसरी, नक्षी दगडाऐवजी लाकडात करून आत ठेवायची. तिसरी, जिथे दगडीच काम हवे तिथे कठीण दगड दुरून आणायचा. बॉ जेजूच्या, म्हणजे बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागासाठी काळा पाषाण थेट वसईहून आणला होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा दगड असा गोव्याच्या चर्चच्या कपाळावर बसला.

‘से’चा बाहेरून दिसणारा साधेपणा हा निव्वळ अभिरुचीचा भाग नाही, त्यात जांभ्याचाही हुकूम आहे. जी वास्तू चुन्याच्या साध्या पृष्ठभागांतून, सावलीच्या रेषांतून आणि प्रमाणांतून बोलते, ती अशी बोलायला शिकली ती दगडाच्या मर्यादेमुळे. पाउलू व्हारेला गोमेश या वास्तु-इतिहासकाराने गोव्यातल्या चर्चवरच्या आपल्या २०११ च्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच चुन्याची सफेदी आणि तांबडा दगड यांची जोडी घातली. त्याचा आग्रह असा की या इमारतींना पोर्तुगालच्या वास्तुकलेची परदेशी शाखा समजू नये. त्या गोव्याच्या आहेत. मला हे पटते, आणि त्याचे पहिले कारण चिरा.

दुसरे कारण हात. चिरे पाडणारे, चुना मळणारे, लाकूड कोरणारे, सोन्याचा वर्ख चढवणारे हात इथलेच होते. चर्चच्या आणि राजाच्या आदेशांनी सोळाव्या शतकात हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती आणि पूजावस्तू करून घ्यायला मनाई केली होती. ती पुन्हा पुन्हा करावी लागली, यावरूनच काय चालले होते ते उघड आहे. जे घडत नाही त्यावर कोणी वारंवार बंदी घालत नाही.

आता या वास्तूच्या समोरची जागा. ‘से’च्या दक्षिणेला मोठा चौक होता आणि त्याच्या कडेला आदिलशहाचा जुना राजवाडा. आरंभी पोर्तुगीज गव्हर्नर तिथे राहिले. ते नदीकाठच्या किल्ल्यातल्या वाड्यात गेल्यावर १५६० मध्ये त्या राजवाड्यात इन्क्विझिशनचे न्यायालय आले. लोक त्याला ‘वडलें घर’ म्हणत, मोठे घर. ‘से’चा पाया खणला जात होता तेव्हा शेजारी हे घर नुकतेच उघडले होते. १७७४ ते १७७८ हा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. चार्ल्स देलों हा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत राहून आला. त्याने १६८७ मध्ये छापलेल्या वृत्तांतात १२ जानेवारी १६७६ च्या शिक्षासोहळ्याचे वर्णन आहे. उजाडण्याआधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली आणि त्या इशाऱ्यावर लोक जमू लागले, असे तो सांगतो. मग कैद्यांची मिरवणूक शहरातून सांफ्रांसिस्कू चर्चकडे निघाली.

‘से’च्या मनोऱ्यात पाच घंटा आहेत. त्यांतली मोठी, जिच्या आवाजाच्या गोडव्यामुळे तिला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात, ती १६५२ साली कुंकळ्ळीत ओतली अशी नोंद आहे. तसे असेल तर देलोंने ऐकलेली घंटा बहुधा हीच. कुंकळ्ळी हे धातुकामाचे गाव. पण गोव्याच्या इतिहासात हे नाव आधी दुसऱ्या कारणाने येते. १५ जुलै १५८३ रोजी देवळे पाडण्याच्या रागातून कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेजुइट पाद्र्यांना ठार केले. नंतर गावच्या गावकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. गावची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. त्या गावात सत्तर वर्षांनी कॅथेड्रलची घंटा ओतली जाते. हे शरण जाणे म्हणायचे, पोटाचा धंदा म्हणायचा, की आणखी काही? त्या ओतारींनी काही लिहून ठेवलेले नाही. घंटा मात्र आजही वाजते.

इथे मराठी वाचकाला आपल्या मुलखातल्या घंटा आठवतील. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि त्या प्रांतातल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ सालची, तिच्यावर बाळ घेतलेली मारिया. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची. गोव्यातही घंटांनी मुक्काम बदलले. सांत आगुस्तीनच्या मठाची मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. ‘से’ची घंटा जागची हलली नाही.

देव मात्र हलले, आणि माझ्या मते ‘से’चा इतिहास त्यांच्याशिवाय अपुरा आहे. तिसवाडी बेटावरची देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, बार्देश आणि साष्टीतली ‘से’चे काम सुरू झाले त्याच दशकात. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला गेला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. अंत्रूज म्हणजे फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. एका तीरावर जगातल्या मोठ्या पीठांपैकी एक उभे राहत होते, दुसऱ्या तीरावर पालखीतून उतरलेले देव झोपड्यांत बसत होते.

पुढच्या दीड-दोनशे वर्षांत या देवांना पक्की देवळे मिळाली. कवळ्याचे आजचे देऊळ छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात उभे राहिले. आता या देवळांकडे नीट पाहा. गर्भगृहावर उत्तरेचे किंवा दक्षिणेचे शिखर नाही. अष्टकोनी बैठकीवर घुमट आहे. भिंतीला अर्धस्तंभ चिकटवलेले, खिडक्या अर्धगोल कमानीच्या, कठड्यांना नक्षीदार खुंटांची रांग. मंगेशीची दीपमाळ सात मजली, मजल्यागणिक कोनाडे. तिच्याकडे पाहताना चर्चचा मनोरा आठवल्यावाचून राहत नाही. घुमटात विजापूरचा वाटा आहे, छपरात कोकणचा. पण अर्धस्तंभ आणि कमानीच्या खिडक्या नदीपलीकडून आल्या. चिरा तोच, चुना तोच, आणि काम करणारी घराणीही फार वेगळी नसावीत. ज्या सत्तेने देवांना घालवले, तिच्या इमारतींची भाषा त्या देवांच्या नव्या घरात वापरली गेली. देवळे बांधणाऱ्यांना त्यात विटाळ वाटला नाही. कदाचित त्यांना ती पोर्तुगीज वाटलीच नसेल, आपल्या गवंड्यांची वाटली असेल.

असाच एक व्यवहार शब्दांतही झाला. ‘से’च्या भिंती चढत होत्या त्याच काळात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. मराठी ओवीत त्याने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. १६१९ मध्ये तो वारला; ‘से’चा गाभा पुरा झाला तेच हे साल. पुराणाचा घाट घेऊन बायबल सांगणे आणि जांभ्यात रोमन खांब उभा करणे ही एकाच जातीची कामे आहेत. दोन्हींत इथल्या घडणीची मनधरणी करावी लागली. पण सत्तेला हे कायम मानवले नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याला हादरा दिला, आणि पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. भाषा सुटली नाही. ‘ख्रिस्तपुराणा’चा मात्र १६५४ नंतर पोर्तुगीज अमलात पुन्हा मुद्रणयोग आला नाही.

शहराचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. साथींनी ते पोखरले. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. १७७४ मध्ये लिस्बनहून मार्क्विस पोंबालने जुने शहर पुन्हा वसवण्याचा हुकूम पाठवला. तो अमलात येण्याची धडपड चालू असतानाच १७७६ मध्ये ‘से’चा एक मनोरा कोसळला. वीज पडली असे सांगतात. तो पुन्हा बांधला गेला नाही. समोर उभे राहिले की डाव्या हाताला मनोरा दिसतो, उजव्या हाताला नुसते आकाश. वर्षभरात पोंबालची सत्ता गेली आणि पुनर्वसनाचा बेतही बारगळला. मावळत्या शहराने एक मनोरा उभा करण्याचीही उमेद ठेवली नव्हती.

मग ‘से’ वाचले कसे? १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले. त्यांचे मठ रिकामे झाले, आणि रिकाम्या जांभ्याला गोव्याचा पावसाळा सोडत नाही. सांत आगुस्तीन चर्चचे छत १८४२ मध्ये आले. आज तिथे मनोऱ्याचा एक सुळका आहे. ‘से’ कुठल्या संघाचे नव्हते. ते बिशपचे आसन होते, आणि आसन बंद झाले नाही. रोज उपासना होणाऱ्या इमारतीत कोणीतरी कौल बदलते, कोणीतरी चुना देते. म्हणजे ज्या अधिकारासाठी ही वास्तू बांधली, त्याच अधिकाराच्या नित्यक्रमाने तिला राखले. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातल्या चर्च आणि मठांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, तेव्हा ‘से’ हे भग्नावशेष म्हणून गेले नाही, वापरातले चर्च म्हणून गेले.

चुन्याचा प्रश्न आजही जिवंत आहे. १९५० च्या दशकात पोर्तुगीज स्थपती बाल्ताझार काश्त्रू याने बॉ जेजूचा गिलावा खरवडून काढला, वास्तू जुनी आणि भव्य दिसावी म्हणून. तेव्हापासून ते चर्च तांबडे आहे, चित्रांत फार छान दिसते, आणि दर पावसाळ्यात उघडा जांभा पाणी पितो. रस्त्याच्या या बाजूला ‘से’ आपला चुना अंगावर घेऊन पांढरे उभे आहे. पर्यटकाला तांबडे जुने वाटते आणि पांढरे नवे. खरी गोष्ट उलटी आहे. जुन्या गवंड्याने केलेली वास्तू पांढरी होती. गिलावा हा तिचा पोशाख नव्हता, कातडी होती.

‘से’बद्दल आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. एक पर्यटनाचा, ज्याला ‘वडलें घर’ दिसत नाही. दुसरा जखमेचा, ज्याला चिरे पाडणारा गवंडी दिसत नाही. पहिला पाडलेल्या देवळांना विसरतो, दुसरा त्या देवळांच्या नव्या घरांवरची अर्धगोल कमान विसरतो. दोन्ही सुरांना इमारत एका मालकाची हवी असते, कौतुक करायला किंवा हिशेब चुकता करायला. पण या वास्तूचा अधिकार रोमचा, पैसा लिस्बनचा, दगड तिसवाडीचा, घंटा कुंकळ्ळीची. तिच्या चौकात माणसांचा छळ झाला हे खरे; तिच्या भिंतीतले कसब त्या छळातून पळालेल्या देवांच्या कामी आले हेही खरे. यातले एक सत्य दुसऱ्यावर चुन्यासारखे फासून चालणार नाही. गोव्याला जाल तेव्हा ‘से’ पाहून त्याच दिवशी नदी ओलांडा आणि नार्वे किंवा मंगेशी पाहा. इतिहासाच्या पुस्तकांत ती दोन प्रकरणे आहेत. गवंड्याच्या हिशेबी ते एकच काम असावे.